'दुओना': लिथुआनियन भाकर, वैदिक धाना आणि व्हॉट्सॅपवरची ती म्हण

अनुस्वार
"लिथुआनियन भाषा म्हणजे युरोपातली संस्कृत" असा मजकूर पुन्हा फिरतोय आणि पुराव्यादाखल नेहमीची म्हण:

दिएवस दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.

अर्थ: देवाने दात दिले, भाकरही देईल. आपल्याकडे "ज्याने चोच दिली तो चाराही देईल" म्हणतात, तीच गोष्ट. खाली 'मूळ संस्कृत' म्हणून "देवः अददात् दतः, देवः दास्यति धानाः" असं दिलेलं असतं.

आधी एक खुंटी पक्की ठोकू. लिथुआनियन म्हण खरी आहे, लोकांच्या तोंडची आहे. संस्कृत वाक्य मात्र कुठल्याही ग्रंथातलं नाही. तुलना दिसावी म्हणून अभ्यासकांनी शब्दाला शब्द लावून ते बनवलंय. त्यामुळे "वेदातलं वाक्य लिथुआनियात टिकलं" हा दावा बाद. शब्दांच्या जोड्या मात्र बहुतेक खऱ्या आहेत. दिएवस–देव आणि दांतिस–दन्त यांवर कुणाचा वाद नाही. 'दुओस' हा 'दुओति' म्हणजे देणे या क्रियापदाचा भविष्यकाळ, त्यातला 'स' आणि 'दास्यति'मधला 'स्य' एकाच घराण्यातले.

या धाग्यात बोलायचं ते शेवटच्या शब्दाबद्दल. 'दुओना' म्हणजे पाव-भाकर, आणि मुख्यतः रायची काळी भाकर. (राय म्हणजे गव्हाच्या गोतातलं धान्य. फोडणीतली राई नव्हे. हा गोंधळ दर वेळी होतो.) म्हणीत 'दुओनोस' आहे ती षष्ठी: "भाकर देईल" असं न म्हणता "भाकरीतलं काही देईल" अशी रचना. उच्चार करताना 'दु' आणि 'ओ' वेगळे तोडू नका, एकाच श्वासात घसरत जायचं, आघात पहिल्यावर.

तिरफळ
वाखुसा (वाचनखूण साठवली). 'धाना' म्हणजे भाकर असं मात्र कुठे वाचलेलं नाही. धाना म्हणजे भाजलेले दाणे ना?

अनुस्वार
बरोबर. ऋग्वेदात ३.५२ च्या पहिल्याच ऋचेत इंद्राला बोलावलंय ते "धानावन्तं करम्भिणमपूपवन्तम्" असं म्हणत. धाना वेगळ्या, करंभ वेगळा, अपूप वेगळा. भाकरीच्या जवळ जाणारा पदार्थ अपूप. धाना म्हणजे भाजलेले जव. तेव्हा 'दुओना म्हणजे धाना' याचा अर्थ पदार्थ एक असा नाही, शब्द एक असा आहे. मूळ अर्थ 'धान्याचे दाणे'. इकडे तो भाजलेल्या दाण्यांवर स्थिरावला, तिकडे दाण्यांच्या पिठाच्या भाकरीवर.

'धाना'वरून 'धान्य', आणि 'धान्यक'वरून आपले धणे. फारसीत 'दाना', तिथूनच मराठीत दाणा. मध्य आशियात कुचा परिसरात सापडलेल्या तोखारी भाषेत 'तानो' म्हणजे दाणा. भाजलेपणाचा जुना अर्थ सगळ्यात नीट राखलाय तो गुजरातीने: होळीला खजुराबरोबर खातात ती धाणी.

पाटावरवंटा
पूर्व विदर्भात भाताच्या पिकाला 'धान'च म्हणतात. शब्द त्या-त्या मुलखातल्या मुख्य पिकावर जाऊन बसतो, असं दिसतंय.

अनुस्वार
अगदी. भंडारा-गोंदियात तांदूळ, वेदात जव, लिथुआनियात राय. लिथुआनियन बोलींत शेतात उभ्या असलेल्या रायच्या पिकालाही 'दुओना' म्हणतात, म्हणजे धान्याचा अर्थ तिकडेही पुरता मेलेला नाही. जाता जाता: धान्यपिकांना तिथे एकत्रितपणे 'यावाय' म्हणतात. आपलं 'यव', म्हणजे जव.

दानशूर_कर्ण
इतकं लांब कशाला जायचं? 'दुओति' म्हणजे देणे आणि 'दुओना' म्हणजे भाकर. सरळ सरळ 'दान' आहे. देवाने दिलेलं ते दुओना. म्हणीतही "दुओस दुओनोस" असं लागून येतंय.

अनुस्वार
कानाला तसंच वाटतं, आणि म्हणीची गोडी त्या अनुप्रासातच आहे. पण कानाला लागणं आणि व्युत्पत्ती लागणं यात अंतर असतं. कसं तपासायचं ते सांगतो. ही रीत कुठल्याही 'संस्कृत-लिथुआनियन' जोडीला लावता येते.

पहिली पायरी, कुठल्या भाषेने काय गमावलंय ते पाहणे. संस्कृत, लिथुआनियन, फारसी या सगळ्या जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत 'द' आणि 'ध' वेगळे होते. संस्कृतने तो भेद राखला. लिथुआनियनने दोन्ही 'द' करून टाकले, इराणी भाषांनीही तेच केलं. उलट मूळ भाषेत दीर्घ ए, ओ, आ असे वेगळे स्वर होते, संस्कृतने तिन्हींचा 'आ' केला आणि लिथुआनियनने भेद ठेवला. सगळ्यात स्वच्छ उदाहरण: संस्कृत 'दा' (देणे) आणि 'धा' (ठेवणे). आपल्याकडे स्वर एक, व्यंजन वेगळं. लिथुआनियनमध्ये 'दुओति' आणि 'देति': व्यंजन एक, स्वर वेगळा. एकीने जे हरवलं ते दुसरीकडे सापडतं, म्हणून दोघी शेजारी ठेवाव्या लागतात.

आता 'दुओना'तला 'द' मूळचा द की ध, हे लिथुआनियन एकटी सांगूच शकत नाही. साक्षीला संस्कृत लागते. तिथे दोन उमेदवार: 'दान' (नपुंसकलिंगी, अर्थ देणगी) आणि 'धानाः' (स्त्रीलिंगी, नेहमी अनेकवचनात, अर्थ दाणे). दुओना स्त्रीलिंगी आहे आणि अर्थ अन्नाचा आहे. देणगीवरून भाकरीवर यायला उडी मारावी लागते, दाण्यावरून भाकरीवर नुसतं पाऊल टाकलं की झालं.

दानशूर_कर्ण
लिंग आणि अर्थ दोन्ही हजारो वर्षांत बदलू शकतात. हा पुरावा कच्चा आहे.

उदात्त_अनुदात्त
मग आघात घ्या. वेदात 'धानाः'चा आघात शेवटच्या अक्षरावर आहे, लिथुआनियन 'दुओना'चा पहिल्यावर. वरवर पाहता जोडी जुळत नाही. पण ही तफावत एकट्या याच शब्दात नाही:

धूम (शेवटी) – दूमाय, धूर (पहिल्यावर)
जीव (शेवटी) – गीवस, जिवंत (पहिल्यावर)
वीर (शेवटी) – वीरस, पुरुष (पहिल्यावर)

या सगळ्यांत पहिलं अक्षर मुळातच दीर्घ आहे, आणि ते दीर्घत्व घशातून उच्चारल्या जाणाऱ्या एका लुप्त झालेल्या वर्णामुळे आलेलं आहे. अशा अक्षरावर बाल्टिक (लिथुआनियन, लाटव्हियन) आणि स्लाव्हिक (रशियन, पोलिश वगैरे) भाषांनी आघात मागे ओढून घेतला. १८९५ मध्ये हेर्मान हिर्ट यांनी हा नियम मांडला, म्हणून तो हिर्टचा नियम. दुओना–धानाः ही त्याच्या नेहमीच्या उदाहरणांपैकी एक जोडी.

म्हणजे जुळत नाही असं वाटणारी गोष्ट नियमानेच जुळत नाहीये. व्युत्पत्तीत यापेक्षा चांगला पुरावा क्वचित मिळतो. नुसतं सारखं दिसणं हा दुबळा पुरावा, नियमित फरक हा भक्कम.

मात्र या शब्दामागचा मूळ धातू कोणता, यावर एकमत नाही. 'धा' (ठेवणे) सुचवला गेलाय, पण तिथे थांबलेलं बरं.

तिरफळ
बाकी बाल्टिक भाषांत हाच शब्द आहे का?

उदात्त_अनुदात्त
लाटव्हियनमध्ये भाकरीला 'माइझे' म्हणतात. 'दुओना' तिथेही आहे, पण बोलींत, आणि अर्थ भाकरीचा काप किंवा कडेचा तुकडा. जुन्या प्रशियनमध्ये, जी आता कुणी बोलत नाही, शब्द आहे 'गेय्त्ये'. तीन सख्ख्या बहिणी, भाकरीला तीन शब्द. तेव्हा भाकर असा अर्थ लिथुआनियनने घरीच घडवलाय, आणि 'दुओना म्हणजे भाकर' हे संस्कृतकाळाइतकं जुनं मानायला आधार नाही.

शब्दकुटी
अर्थांचा पसारा कुणी मांडला नाही अजून. लिथुआनियन भाषेच्या मोठ्या कोशाचे २० खंड १९४१ ते २००२ या काळात निघाले. तो आता जालावर खुला आहे, 'दुओना' उघडलं की उदाहरणांचा ढीग पडतो. कामापुरतं सांगते.

भाकर हा पहिला अर्थ. मुद्दाम सांगायचं तर 'युओदा दुओना' म्हणजे काळी, रायची. गव्हाच्या पांढऱ्या पावाला जुन्या वापरात दुओना म्हणत नसत, त्याला 'पिरागस' हा स्लाव्हिककडून आलेला शब्द होता. तो सणावाराचा पदार्थ. आज दुकानात 'बाल्ता दुओना' (पांढरी) सर्रास मिळते, पण विशेषण न लावता दुओना म्हटलं की डोळ्यासमोर काळीच येते.

दुसरा अर्थ पोटापाण्याचा. आपण 'भाकरीचा प्रश्न' म्हणतो तसाच. 'लेंग्वा दुओना' (हलकी भाकर) म्हणजे कष्टाशिवायची कमाई. 'दुओना सु प्लुता' (पापुद्र्यासकट भाकर) म्हणजे चावायला जड जाणारा, कष्टाचा पेशा. 'दुओनोस नेप्राशो' (भाकर मागत नाही) हे अशा वस्तूबद्दल म्हणतात जी घरात पडून राहिली तरी खर्च काही नाही. 'बेदुओनिस' म्हणजे ज्याच्या घरी भाकर नाही असा, कंगाल. ख्रिस्ती प्रार्थनेतली रोजची भाकरही दुओनाच. लिथुआनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक हे मार्तिनास माझ्वीदास यांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक, १५४७ चं, त्यामुळे शब्दाचा हा धार्मिक वापर छपाईच्या आरंभापासूनचा.

'बिच्यू दुओना' म्हणजे मधमाश्यांची भाकर: पोळ्यात मधात मुरवून दाबून ठेवलेला पराग.

तुकड्यांचे शब्द वेगळे: अख्खा लोफ 'केपालस', काप 'रिएके', पापुद्रा 'प्लुता', चुरा 'त्रुपिनीस'. 'केप्ति' म्हणजे भाजणे. अभ्यासक ते आपल्या 'पच्'चंच उलटापालट झालेलं रूप मानतात, प-क चं क-प.

अनुस्वार
५ फेब्रुवारीचं राहिलं. तो संत अगाताचा दिवस, म्हणजेच तिकडे भाकरीचा दिवस. चर्चमध्ये मंत्रून आणलेली भाकर घरात ठेवतात, आगीपासून आणि विजेपासून राखते म्हणून. भाकर उपडी ठेवायची नाही, जमिनीवर पडली तर उचलून तिचा मुका घ्यायचा. लग्न लागून आलेल्या जोडप्याचं स्वागत दुओना आणि मिठाने.

पाटावरवंटा
व्युत्पत्ती झाली, आता भाजू या. भट्टीची रीत आधी, कारण तिच्यात आपल्या ओळखीचं एक झाड आहे.

पीठ भिजतं ते 'दुओन्कुबिलिस'मध्ये, म्हणजे लाकडी पिंपात. ते घासून धूत नाहीत, खरवडतात. कडेला चिकटून राहिलेलं पीठ हेच पुढच्या खेपेचं विरजण, 'राउगस'. भट्टी तापली की निखारे ओढून घेतात आणि तळावर चिमूटभर पीठ टाकतात. लगेच काळं पडलं तर भट्टी फार तापलीय, सावकाश तांबूस झालं तर बरोबर. भाकर आत सारायच्या लांब दांड्याच्या लाकडी फावड्याला 'लिझे' म्हणतात, आणि पीठ चिकटू नये म्हणून त्यावर पानं अंथरतात. कोबीची, ओकची, मेपलची, आणि सगळ्यात वासाची म्हणजे 'आयेराय'. हे आयेराय म्हणजे आपलं वेखंड! बाळाला उगाळून देतात ते मूळ, आणि तिथे भाकरीखाली जातात ती त्याच झाडाची तलवारीसारखी पानं. पानांचा ठसा तळाला तसाच उमटतो. पानं खायची नाहीत, भाकर थंड झाल्यावर सोलून टाकायची.

आता ओव्हनमधली 'प्लिकीता', म्हणजे पीठ उकळत्या पाण्यात भिजवून केलेली दुओना. एक मोठा लोफ, सुमारे सव्वा किलोचा.

विरजण: रायचं पीठ ५० ग्रॅम आणि पाणी ५० मिली, रोज अर्धं काढून तेवढंच नवं घालायचं. २५ ते २८ अंशांत ५-६ दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी भसकन फुगतं, ते यीस्ट नव्हे, भलतेच जिवाणू असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम मढं पडतं. बहुतेक जण इथेच फेकून देतात. फेकू नका, आंबटपणा वाढतोय म्हणून ते जिवाणू मेलेत, खरं यीस्ट पुढे येतं. मे महिन्यात, ३२ अंशांच्या वर, दिवसातून दोनदा पीठ घालावं लागतं.

उकड: रायचं पीठ ३०० ग्रॅम, उकळतं पाणी ६०० मिली, ठेचलेलं कॅरावे ८ ग्रॅम (शहाजिऱ्याच्या जातीचं, नेहमीचं जिरं नको), मिळाल्यास मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ १५ ग्रॅम. हे मोडाचं पीठ उकळत्या पाण्याबरोबर घालायचं नाही, उकड ६५ अंशांवर उतरल्यावर घालायचं. नाहीतर त्यातलं साखर बनवणारं द्रव्य जळून जातं. मग ६० ते ६५ अंशांत २-३ तास झाकून. उकड पातळ, चकचकीत आणि चवीला गोड होते. नाही झाली तर तापमान चुकलं.

उकड ३५ अंशांवर आली की विरजण १०० ग्रॅम मिसळून १२ ते १६ तास ठेवा. नंतर रायचं पीठ ४५० ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम, मध ३० ग्रॅम. कालवायचं, मळायचं नाही: रायमध्ये गव्हासारखा ताण धरणारा चिकटा (ग्लुटेनचं जाळं) बनतच नाही. ओल्या हाताने तेल लावलेल्या टिनमध्ये, टिन दोन-तृतीयांश भरेल इतकं. दीड-दोन तासांनी वर टाचणीएवढी भोकं आणि बारीक भेगा दिसल्या की ओव्हनमध्ये: २४० अंशांवर २० मिनिटं, मग १९० वर ५५ मिनिटं. आत थर्मामीटर ९६ ते ९८ दाखवायला हवा. बाहेर काढल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा आणि २४ तास कापू नका.

दानशूर_कर्ण
२४ तास? गरम भाकरीचं काय वाकडं आहे?

पाटावरवंटा
आतला भाग अजून बसलेला नसतो. रायमधलं पाणी धरून ठेवणारं द्रव्य आणि स्टार्च गार होताना घट्ट होतात. गरम कापली की सुरीला गोंद लागतो आणि आपल्याला वाटतं कच्ची राहिली.

थंड होऊनही आत गिच्च लागली तर कारण दुसरं. पिठातलं स्टार्च फोडणारं द्रव्य ओव्हनमध्ये तापताना काही काळ जोरात काम करतं, त्याला आवर घालतो तो आंबटपणा. विरजण कोवळं असेल किंवा घाईने तयार यीस्ट टाकून फुगवलं असेल तर हा आवर राहत नाही. म्हणून रायच्या भाकरीला विरजण निव्वळ चवीसाठी नसतं. वरचा पापुद्रा सुटून खाली पोकळी झाली असेल तर पीठ घट्ट झालंय किंवा पुरेसं फुगायच्या आत भट्टीत गेलंय. माथा खचला तर जास्त फुगलंय.

तिरफळ
रायच्या ऐवजी ज्वारी किंवा नाचणी चालेल? दोन्हींत चिकटा नसतोच.

पाटावरवंटा
नाही. ताण धरणारा चिकटा न बनणं सारखं आहे, पण रायमधलं ते पाणी धरणारं द्रव्य ज्वारी-नाचणीत पुरेसं नाही. लोफ कोरडा होऊन चुरतो. फार तर १५० ग्रॅमपर्यंत नाचणी शेवटच्या पिठात मिसळा, रंगही छान येतो.

शब्दकुटी
लिथुआनियात काउनस-व्हिल्नियसला शिकायला गेलेल्या मुलांसाठी वेष्टनावरचे शब्द: 'रुगिने' रायची, 'क्विएतिने' गव्हाची, 'प्लिकीता' उकडीची, 'सु क्मीनाइस' कॅरावे घातलेली, 'बे मिएल्यू' यीस्ट न घालता. रंगावर जाऊ नका, गव्हाच्या पावालाही काळा रंग देता येतो. घटकांत पहिलं नाव रायच्या पिठाचं आहे का ते बघा.

शिळी झाली तर दोन उपाय. बोटभर जाड काड्या तेलात तळून त्यावर लसणाची पाकळी घासायची आणि मीठ: ही 'केप्ता दुओना', बिअरबरोबर खातात. नाहीतर गिरा, म्हणजे भाकरीचं आंबवलेलं पेय. अर्धा किलो काप ओव्हनमध्ये कडक वाळवून ५ लिटर उकळत्या पाण्यात ८ तास, गाळून ३०० ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम कोरडं यीस्ट, १२ तास उबेला, मग बाटलीत दोन-तीन मनुका टाकून थेट फ्रीजमध्ये. काचेची बाटली गच्च बंद करून बाहेर ठेवली तर फुटते. प्लास्टिकची वापरा, दाबून कडक लागली की झाकण सैल करा.

उदात्त_अनुदात्त
'गिरा' हा 'गेर्ति', पिणे, या धातूचा. त्याचा संस्कृत जोडीदार गिळण्याचा 'गॄ', ज्यावरून आपलं गिळणे. वाणी या अर्थाच्या 'गिरा'शी संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तोही मजकूर फिरायला लागेल.

तिरफळ
पावसाळ्यात ही भाकर किती टिकते?

पाटावरवंटा
कोरड्या हवेत कापडात आठवडाभर सहज. कोकणात जुलैमध्ये चौथ्या दिवशी कापलेल्या बाजूला बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत अजून लवकर. दुसऱ्या दिवशीच काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसे तव्यावर गरम करा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, स्टार्च तिथे सगळ्यात लवकर आखडतं.